दोन दिवसांचा वचपा

जिच्याशी सतरा वर्षांत एक शब्द बोलली नव्हती, तिच्याच बोटांना दिवसातून पाच-सहाशे वेळा बोटं लावायची, असलं काम थोरलीच्या वाट्याला आलं होतं.

लॉन्ड्री मोठी होती. वसतिगृहांच्या, निवासी शाळांच्या, दोन-चार दवाखान्यांच्या चादरी तिथं यायच्या. एका बाजूनं ओली चादर तापलेल्या रोलरात शिरायची आणि दुसऱ्या बाजूनं कडक होऊन, वाफ सोडत बाहेर पडायची. बाहेर पडली रे पडली की दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, पाय रोवून ताण द्यायचा, उभी दुमडायची, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक भिडवायचं. एकीनं सगळी टोकं हातात घ्यायची, दुसरीनं वाकून खालची लोंबती कड उचलायची. झाली घडी. ती ढिगावर आदळेपर्यंत पुढची चादर नाक बाहेर काढून तयार.

मुकादम या जोड्या उंचीवरून लावायचा. एक ठेंगणी आणि एक उंच असली की घडी तिरकी येते, आणि तिरकी घडी गिऱ्हाईक परत पाठवतं, एवढं एकच शास्त्र त्याला येत होतं. नवी बाई आली की तिला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी करायचा आणि डोक्यावर खडूनं रेघ मारायचा. बारा वर्षांपूर्वी धाकटी कामाला लागली, तेव्हा तिची रेघ थोरलीच्या रेघेवर अशी बसली की तिथं दोन रेघा आहेत हे सांगून कुणाला पटलं नसतं.

"वा! सख्ख्या जावा, आणि उंचीही एक. देवानंच जोडी करून पाठवलीय," मुकादम म्हणाला.

"देवाला तेव्हा डुलकी लागली असेल," थोरली म्हणाली आणि टोक धरून उभी राहिली. काम सोडायचं तर त्या बाईनं सोडावं, आपण का? धाकटीच्याही मनात तेच असावं. बारा वर्षं झाली, दोघींपैकी एकही हलली नव्हती.

बोलायची तशी गरज पडायची नाही. चादर जड आहे, कड फाटलीय, समोरची दमलीय, हे सगळं हाताला आपोआप कळतं. अगदीच काही सांगायचं झालं तर मध्ये बटणवाली होती. शेजारच्या टेबलावर उशांच्या खोळींना बटणं लावणारी ही बाई दोघींचं टपालखातं सांभाळायची.

"अगं, तिला सांग, कडेला डाग राहिलाय."

"अगं, तिला सांग, मला डोळे आहेत."

"तुमच्यापायी माझी मान वाकडी व्हायची वेळ आलीय," बटणवाली म्हणायची. "तेल तरी दोघींनी मिळून आणून द्या."

भांडण कशावरून, हे लॉन्ड्रीत कुणालाच ठाऊक नव्हतं. दागिन्यांवरून, घराच्या वाटणीवरून, ज्याला जे सुचेल ते तो बोलायचा. थोरलीची जीभ करवतीसारखी चालायची, मुकादमालासुद्धा ती सोडत नसे, पण त्या एका गोष्टीच्या आसपास तिनं जिभेला कधी फिरकू दिलं नाही. उगाळत बसलं की वस्तू झिजते. तिला आपला राग झिजवायचा नव्हता.

गोष्ट अशी होती. सतरा वर्षांपूर्वी दोघी एका घरात नांदत होत्या. वर्षाखेरीच्या सुट्टीचे दिवस, घरात अकरा पाहुणे, आणि रांधायला-वाढायला या दोघीच. घरात फोन एक, तोही धाकटीच्या खोलीत, कारण तिच्या नवऱ्याला दुरुस्तीच्या कामाला कधीही बोलावणं यायचं. त्या फोनवर थोरलीच्या भावाचा निरोप आला: आईचं काही खरं नाही, ताईला लगेच पाठवा. धाकटीनं "बरं" म्हणून फोन ठेवला आणि निरोप पोटात ठेवला. एक दिवस ठेवला. दुसरा दिवस ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या पाहुण्याची शेवटची पिशवी दाराबाहेर पडली, तेव्हा हात पुसत ती म्हणाली, "ताई, तुमच्या भावाचा फोन होता. आईंना बरं नाही म्हणे."

थोरली माहेरी पोचली तेव्हा घर झाडून-पुसून झालं होतं आणि आईची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती.

"परवाच फोन केला होता की गं," भाऊ म्हणाला. "दोन दिवस दाराकडे डोळे लावून होती ती."

परत आल्यावर थोरलीनं आदळआपट केली नाही. नवऱ्याला एवढंच सांगितलं, "चूल वेगळी." महिन्याभरात एका घराची दोन घरं झाली. त्या दिवसापासून तिनं धाकटीवर डूख धरला, आणि तो असा धरला की झोपेतही मूठ सैल पडली नाही.

एकाच गोष्टीनं तिला त्रास दिला. थोरलीला मूलबाळ नव्हतं. धाकटीची मुलगी जन्मल्यापासून तिच्याच मांडीवर लोळलेली, सात वर्षांची होईतो पोरीची वेणी काकूनंच घातलेली. घरं वेगळी झाली तरी पोर शाळेतून परस्पर काकूकडे यायची, खायची, दोन-चार नव्या शिव्या शिकायची आणि आईकडे जायची. धाकटीनं तिला कधी अडवलं नाही आणि थोरलीनं त्याचे उपकार मानले नाहीत. पोरीच्या लग्नालाही थोरली गेली. पोटभर जेवली, पण प्यायचं पाणी घरून बाटलीत भरून नेलं होतं.

यंदाच्या सुट्टीच्या तोंडाशी मालकाची लेक कुठल्याशा मोठ्या शहरातून शिकून आली आणि येताना डोक्यात एक खूळ घेऊन आली. सोमवारी सगळ्यांना गोळा करून ती स्टुलावर चढली.

"सुट्टीचे दिवस आले की आपल्याला काय मिळालं नाही तेच आपण मोजत बसतो," ती म्हणाली. "यंदा उलटं करू. रोजच्या जगण्यातली एक अशी गोष्ट, जिच्यामुळे आपलं बरं चाललंय, ती प्रत्येकानं कागदावर लिहायची आणि या डब्यात टाकायची. गुरुवारी चारच्या चहाला मी डबा उघडणार. शनिवारी दुपारी लॉन्ड्री बंद, मग आठ दिवस सुट्टी. घरी जाताना मन हलकं करून जाऊ या."

"मनाचं राहू द्या," थोरली म्हणाली. "पायांना सूज आलीय, ती हलकी होईल असं काही आहे का डब्यात?"

सगळ्या हसल्या. मालकाची लेकही हसली, पण डबा तिनं उचलला नाही. बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, झाकणाला चीर पाडलेली, कडीला सुटकेसचं असतं तसलं इवलंसं कुलूप. किल्ली लेकीच्या गळ्यातल्या दोरीला.

त्या आठवड्यात कामानं नुसता चेंदामेंदा व्हायचा. पोरं घरोघर निघाली की वसतिगृहांच्या सगळ्या गाद्या एकदम उघड्या पडायच्या, आणि चादरींचे डोंगर इकडं यायचे. अशात मंगळवारी, चारचा चहा झाल्यावर, बटणवालीनं थोरलीच्या पुढ्यात एक छापील कागद धरला. रजेचा अर्ज. खाली दोन रेघा: एक अर्ज करणारीच्या सहीची, दुसरी तिच्या जोडीदारणीच्या सहीची.

हा नियम मुकादमाचा. बऱ्याच वर्षांपूर्वी एक बाई न सांगता घरी गेली, तिची जोडीदारीण एकटीच रोलरशी झटत राहिली, आणि तिची तीन बोटं गेली. ती तीन बोटं मुकादमाच्या सख्ख्या बहिणीची होती. तेव्हापासून, 'मी दुसरीबरोबर सांभाळून घेईन' अशी जोडीदारणीची सही असल्याशिवाय तो कुणाला दाराबाहेर पाय टाकू देत नसे. साक्षात मालक आला तरी नाही.

"तिला उद्यापासून रजा हवीय," बटणवाली म्हणाली. "पोरीचे दिवस भरत आलेत. तारीख पुढच्या आठवड्यातली आहे, पण पहिलीच खेप. नवरा जहाजावर, घरात दुसरं माणूस नाही. आधीच जाऊन राहते म्हणतेय."

थोरलीनं समोर पाहिलं. धाकटी रोलरकडे तोंड करून उभी होती. हातात काही नव्हतं, तरी बोटं चादर धरल्यासारखी वाकलेली. सतरा वर्षांत पहिल्यांदाच त्या बाईला थोरलीकडून काहीतरी हवं होतं.

"ठेव. बघते," थोरली म्हणाली.

"बघायचंय काय त्यात? नाव लिहायचं नि द्यायचं."

"चष्मा घरी राहिलाय."

चष्मा तिच्या डोक्यावर होता. बटणवालीनं तो पाहिला आणि गप आपली बटणं मोजायला बसली.

थोरली कागद घेऊन हात धुवायच्या जागी गेली. फाडावा? फाडला तर ती नवा आणेल आणि मुकादम मध्ये पडेल. सरळ नाही म्हणावं? मग भांडण होईल, आणि भांडणात चार तोंडं तिच्या बाजूनं बोलतील. छे. तिनं घेतले होते दोन दिवस, आपणही दोनच घ्यायचे. तारीख पुढच्या आठवड्यातली, पोरीचं काही बिघडत नाही. दोन दिवसांत कोण जन्मतंय? तगमग व्हायची ती हिचीच होईल. थोरलीनं घड्याळ पाहिलं, अर्जाच्या आठ घड्या घातल्या, येता येता तो मालकाच्या लेकीच्या डब्यात टाकला. गुरुवारी चारला निघेल. कागद पत्र्यावर पडला तसा खट् आवाज झाला, आणि तिला लंघनानंतर लागते तशी कडकडून भूक लागली.

बुधवारी धाकटी कामावर आली. यावंच लागलं.

"सही झाली का, विचारतेय," बटणवाली म्हणाली.

"सांग, बघतेय."

दुपारी पुन्हा तेच.

"सांग, विसरले नाही मी. माझं डोकं अजून शाबूत आहे."

धाकटीनं स्वतः तोंड उघडलं नाही. थोरलीनं मनात म्हटलं, उघड की. एकदा गयावया कर की. पण ती बाईही त्याच मातीची. फक्त तिचा ताण सैल पडत होता. चादर मध्येच झोळीसारखी लोंबायची, मग थोरली असा हिसका द्यायची की धाकटी एक पाऊल पुढं फरफटत यायची. टोकं भिडवताना तिची बोटं ओली लागत होती, थंडगार, रोलरच्या त्या भट्टीतसुद्धा. थोरलीनं ती थंडी मिटक्या मारत चाखली.

मग तिला डब्यासाठी लिहायची चिठ्ठी आठवली, आणि घड्या घालता घालता ती मनातल्या मनात आभार मानत सुटली. गुडघे अजून वाकतात, आभार. जवळचं अक्षर दिसत नसलं तरी चार हातांवरचं पडलेलं तोंड स्वच्छ दिसतं, आभार. वैरीण परगावी राहत नाही, सकाळी आठला हजर असते, फार फार आभार. मालकाच्या लेकीला वाटलं होतं त्याहून हे काम सोपं होतं.

संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, "आज स्वारी खुशीत दिसतेय."

तिनं सांगून टाकलं. त्याचा हात ताटातच थांबला.

"आणि पोर?"

"पोरीची तारीख पुढच्या आठवड्यात आहे."

"पोटातल्या पोराला तारीख वाचता येते का गं?"

"जेवा गप. तुम्हाला तुमच्या भावाच्या बायकोचा पुळका."

तो गप जेवला. तिला मात्र रोज लागायची तशी दुसरी पोळी गेली नाही, आणि तिनं तो दोष पिठाला दिला.

गुरुवारी अकराच्या सुमाराला मुकादमाच्या टेबलावरचा फोन वाजला. धाकटीला बोलावणं आलं. रोलर थांबला. थोरली दोन टोकं हातात घेऊन उभी राहिली, उरलेली अर्धी चादर रोलरच्या ओठांतून लोंबत होती. काचेपलीकडे धाकटी फोनवर ऐकत होती, मान हलवत होती. मग मुकादम तिला काही विचारताना दिसला, तिनं नाही म्हणून मान हलवली. मुकादमानं दारातून हाक मारली, "थोरले, अगं तो कागद कुठंय? सही देऊन टाक की!"

"चार वाजता मिळेल."

"चारच का?"

"चारच."

धाकटी परत आली. टोकं उचलली. ताण दिला, आणि या खेपेला नीट दिला. दोघी चालत एकमेकींसमोर आल्या, बोटांना बोटं लागली.

"पहाटे मुलगी झाली, ताई."

सतरा वर्षांतला पहिला शब्द. त्यातही त्या बाईनं 'ताई' सोडलं नव्हतं.

थोरलीच्या हातातली टोकं सुटली नाहीत. पण खालची कड उचलायला धाकटी वाकली, तेव्हा वरून तिची मान आणि पिकलेला भांग दिसला, आणि थोरली तिथं खिळून राहिली.

"काल संध्याकाळीच कळा सुरू झाल्या," धाकटी वाकूनच म्हणाली. "शेजारणीकडे घराची किल्ली दिली आणि एकटीच गाडी करून गेली. नर्सनं हात धरला म्हणे तिचा. दोघी बऱ्या आहेत."

गोड लागलं का? लागलं. खोटं कशाला सांगायचं? ते उतरलेलं तोंड पाहायला थोरलीनं सतरा वर्षं काढली होती, आणि ते मनासारखं उतरलं होतं. पण त्या गोडाच्या मागोमाग दुसरं एक तोंड आलं, घामानं केस चिकटलेलं, आणि परक्या बाईचा हात धरलेलं. हे थोरलीनं मागवलं नव्हतं.

"भरलं का पोट?" धाकटीनं विचारलं.

थोरलीनं पुढची चादर ओढली. "चार वाजायचेत अजून."

चार वाजता सगळ्या कप घेऊन जमल्या. मालकाच्या लेकीनं कुलूप काढलं आणि चिठ्ठ्या वाचायला लागली. एकीनं लिहिलं होतं, नवऱ्याला रात्रपाळी मिळाली, घोरणं बंद झालं, आभार. एकीनं लिहिलं होतं, न्हाणीघराला एकदाची आतून कडी बसली. कुणीतरी मुकादमाचा घसा बसला होता त्या चार दिवसांचे आभार मानले होते. अक्षर कुणाचं ते मुकादम लांबूनच ताडत होता. हसता हसता एकीला ठसका लागला. मग लेकीच्या हातात आठ घड्यांचा कागद आला. तिनं तो उलगडला.

"हा तर रजेचा अर्ज आहे," ती म्हणाली. "मंगळवारचा. यावर एकच सही आहे."

हसणं विझलं. धाकटीनं कागदाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि मग चार वाजता म्हणजे काय ते तिला कळलं.

"मी टाकला," थोरली म्हणाली.

"चुकून?" लेकीनं विचारलं.

"चुकून कशाला? घड्याळ बघून टाकला." थोरलीनं कप खाली ठेवला. "तुम्हा सगळ्यांना फार वर्षं उत्सुकता आहे ना, आमचं कशावरून फाटलं? ऐका. माझी आई मरायला टेकली होती. हिच्याकडे निरोप आला, मला लगेच पाठवा म्हणून. घरात अकरा पाहुणे जेवायला होते, वाढायला दोन हात कमी पडले असते. हिनं निरोप दोन दिवस दाबून ठेवला. मी गेले तेव्हा आईची खाट भिंतीला उभी होती. हिचे ते दोन दिवस मी आज हिला परत केले. मंगळवार चार ते गुरुवार चार. वर मिनिटभर घेतलं नाही."

बटणवालीनं धाकटीकडे वळून पाहिलं. "खरं का गं हे?"

थोरलीला वाटलं, आता ही नाकारेल. रडेल. फोन नीट ऐकू आला नव्हता म्हणेल. यातल्या प्रत्येकाला थोरलीजवळ घासून ठेवलेलं उत्तर होतं.

"खरं आहे," धाकटी म्हणाली. "म्हातारी माणसं कुरकुरायचीच, असं वाटलं मला. म्हटलं, दोन दिवसांत कोण मरतंय?"

थोरलीनं तोंड उघडलं. घासून ठेवलेल्यांपैकी एकही उत्तर याला लागू पडेना. मंगळवारी हात धुवायच्या जागी तिनं स्वतः हेच वाक्य म्हटलं होतं, जवळजवळ शब्दाला शब्द.

"मीही तेच म्हटलं," ती म्हणाली. "दोन दिवसांत कोण जन्मतंय."

मन हलकं करायला आलेली मालकाची लेक डबा पोटाशी धरून उभी होती. काय बोलावं ते सुचेना, म्हणून बिचारी म्हणाली, "मावशी, तुमची चिठ्ठी यात नाही."

"माझे आभार तोंडीच घ्या," थोरली म्हणाली. "ही बाई बारा वर्षं माझ्यासमोर उभी राहिली. एक दिवस चुकली नाही. घरात बसून राहिली असती तर माझा राग कधीच शिळा होऊन विटला असता. तिनं तो रोज मला ताजा, गरम वाढला. त्याबद्दल आभार."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप झालं. थोरलीनं डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला, अर्ज डब्याच्या झाकणावर ठेवला आणि सही केली. इतकी दाबून केली की पत्र्यावर नाव उमटलं.

"पाचची गाडी मिळेल. पळ."

धाकटीनं कागद घेतला आणि मुकादमाकडे गेली. आभार मानले नाहीत. मानले असते तर थोरलीनं तो परत हिसकावला असता.

शुक्रवारी तिच्यासमोर एक उंच बाई दिली. दिवसभर घड्या तिरक्या आल्या आणि दोन गठ्ठे मुकादमानं परत उलगडायला लावले. थोरली एका शब्दानं कुणावर डाफरली नाही, त्यावरून बायकांनी ती आजारी असल्याचं ठरवलं. शनिवारी दुपारी रोलर थंड झाला. बाकीच्या घरी गेल्या. थोरली पिशवी घेऊनच आली होती. ती तडक गाडीच्या थांब्यावर गेली. पाच तासांची वाट. आपण धाकटीपुढं नाक घासायला चाललो नाही, हे तिनं वाटेत स्वतःला तीन वेळा बजावलं. आपण पोरीकडे चाललोय.

दवाखान्यातली खोली दोन खाटांची होती, एक रिकामी. पोर उशीला टेकून बसली होती. शेजारी पाळणा. धाकटी खुर्चीत, दोन्ही हात मांडीखाली दाबून, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

"आलीस, काकू?" पोर म्हणाली.

"आले बाई. कशी आहेस?"

"शिवलंय. बसता येत नाही धड. बाकी बरी."

थोरलीनं कोपऱ्यातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि पाळण्याकडे वळून पुढं केले. पोरीनं पाळण्याची कड धरली आणि पाळणा आपल्याकडे ओढून घेतला.

"नाही."

"काय नाही?"

"आईनं सगळं सांगितलंय. तिचंही आणि तुझंही." तिचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "बुधवारी आई येणार म्हणून मी जेवण करून ठेवलं होतं. चार वेळा दार उघडून पाहिलं. मग कळा आल्या. तुम्ही दोघी एकमेकींचे दिवस परत करत होता ना? मग माझेही करा. दोन दिवस बाळाला हात लावायचा नाही. सोमवारी संध्याकाळी घे."

थोरलीचे धुतलेले हात तसेच पुढं राहिले. मग तिनं धाकटीकडे बोट केलं. "आणि ही?"

"आईचे गुरुवारी रात्री सुरू झालेत. आज रात्री संपतील."

"मला वाटलं थट्टा करतेय," धाकटी खुर्चीतून म्हणाली. "दोन दिवस झाले, नर्सला घ्यायला लावते, झाडणाऱ्या बाईला घ्यायला लावते. मला नाही."

"जीभ कुणावर गेलीय ही?"

"माझ्यावर? शाळेतून कुणाकडे जात होती, ताई?"

पोरीनं तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलले. हसली की रडली, ते दोघींनाही दिसलं नाही, आणि विचारायची छाती दोघींपैकी एकीचीही झाली नाही.

थोरलीचं पित्त खवळलं होतं. आज रात्री ती बाई बाळाला उराशी धरणार, आणि आपण अजून दोन दिवस टकामका बघत बसणार. केलं हिनं, सुरुवात केली हिनं, आणि सुटतेय आधी हीच! सतरा वर्षांच्या जुन्या रागावर हा नवा, करकरीत राग येऊन बसला. पण तो बोलून दाखवायला तोंड नव्हतं. पोरीनं माप तिच्याच हातचं वापरलं होतं, आणि दोन दिवस म्हणाली होती, जन्मभर म्हणाली नव्हती. एवढ्यावर सुटलो, असं थोरलीनं गपचूप मनात म्हटलं, आणि या खेपेला ते टोमण्यानं म्हटलं नव्हतं.

रिकाम्या खाटेखालचं स्टूल तिनं पायानं ओढलं आणि पाळण्यापासून बरोबर हातभर अंतरावर मांडलं. धाकटीची खुर्ची त्याहून लांब होती, हे आधी पाहून घेतलं. मग बसली. बाळानं भुवया आक्रसल्या, एक इवलीशी मूठ दुपट्यातून बाहेर काढली आणि तोंड वासून जांभई दिली. हात लावायला बंदी होती. बघायला नव्हती. थोरलीनं चष्मा पुसून नाकावर नीट बसवला आणि बघायला सुरुवात केली.